गंजलेला वस्तरा : किती घासावे, कुठे थांबावे

जुन्या बाजारात गंजलेला वस्तरा हाती लागला की तो घ्यावा की परत ठेवावा, हे तिथेच उभ्याउभ्या ठरवावे लागते. विकणारा म्हणतो, "साहेब, घासला की नवा होईल." काही वस्तरे खरोखरच होतात. पुष्कळसे मात्र कितीही घासले तरी नुसते चकचकीत होतात, धार धरत नाहीत. या दोहोंतला फरक ओळखायला फार मोठे ज्ञान लागत नाही. कुठे पाहायचे तेवढे माहीत असले की पैसे वाचतात आणि एखादी शंभर वर्षांची चीजही वाचते.

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्याचा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आम्ही ज्या वस्तऱ्यावर काम केले तो जुम्याच्या बाजारातला. कुलपे, किल्ल्या आणि चष्म्याच्या दांड्यांच्या ढिगात तो पडला होता. दीडशे रुपयांत मिळाला. काळ्या शिंगाची मूठ, तांबूस गंजाने भरलेले पाते आणि त्याच्या मुळाशी पुसट शिक्का : शेफील्ड.

आमच्या मोहल्ल्यात एक बुजुर्ग हज्जाम आहेत. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणतात. आता दुकान मुलगा चालवतो. चाचांनी वस्तरा उजेडाकडे धरला, धारेवरून नख अलगद फिरवले आणि म्हणाले, "गंज पोटात आहे, धारेपर्यंत गेलेला नाही. बनेल." मग जरा थांबून म्हणाले, "पण एक ध्यानात ठेवा. गंज काढायचा, लोखंड नाही. घासून गेलेले लोखंड परत येत नसते."

पुढच्या सगळ्या कामाचा कायदा या दोन वाक्यांत आला.

घेण्यापूर्वी काय पाहावे

वस्तऱ्याच्या पात्याची जाड कड म्हणजे पाठ. समोरची पातळ कड म्हणजे धार. या दोहोंमधला आत दबलेला भाग म्हणजे पोट. मुठीबाहेर येणारी, बोटाने धरायची ती शेपटी.

गंज दोन तऱ्हेचा असतो. लाल, भुकटीसारखा गंज बहुधा वरवरचा असतो आणि तेलाने सुटतो. काळे, घट्ट ठिपके असतील तर त्यांच्याखाली खड्डे असतात. पोटावरचे खड्डे दिसायला वाईट, पण कामात आडवे येत नाहीत. धारेजवळचे खड्डे मात्र वस्तऱ्याचा जीव घेतात. पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. त्या रेघेत खड्डा आला की तिथे बाजू मिळतच नाहीत, फट राहते. अशी धार दाढी करत नाही, कातडी ओरबाडते.

मग तडा पाहावा. धारेवर नख अडखळले की तिथे खोच किंवा तडा समजावा. लहानशी खोच दगडावर निघते. पोटाकडे चढत गेलेला केसासारखा तडा कशानेही निघत नाही. तो वस्तरा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

त्यानंतर पाठ. वस्तरा दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, म्हणून वर्षानुवर्षांच्या वापराने पाठीवर सपाट पट्टी उमटते. ही पट्टी दोन्ही बाजूंना सारखी असली तर वस्तरा जाणत्या हातांत होता. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नाहीशी असेल तर पाते वाकडे झिजले आहे. शेपटीकडून, बंदुकीच्या नळीतून पाहावे तसे पात्याकडे पाहिले की पीळही कळतो.

शेवटी मूठ. खिळा सैल असणे हा दोष नव्हे, तो दोन ठोक्यांत घट्ट होतो. पण मूठ कशाची आहे हे पाहणे फार गरजेचे. शिंग, हाड, आबनूस हे चालते. सेल्युलॉइड असेल तर सावध राहावे. सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि तीच पात्याला गंजवते. मुठीत झाकलेला भागच जास्त गंजला असेल तर बहुधा हे कारण असते. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड समजावे. ते चटकन पेटही घेते. अशी मूठ बदलावी लागते, नाहीतर काढलेला गंज पुन्हा येतो.

पांढऱ्या मुठीला विकणारे सर्रास "हत्तीदात" म्हणतात. हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात. हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. मूठ खरोखर हस्तिदंती असेल तर हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनुसार आपल्या देशात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

शेफील्ड, मुंबई आणि हिंदी पोलाद

आपल्याकडच्या जुन्या बाजारांत येणाऱ्या वस्तऱ्यांवर बहुधा दोन गावांची नावे दिसतात : इंग्लंडमधले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगन. शेफील्डमध्ये १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली आणि ते गाव चाकू-वस्तऱ्यांसाठी जगभर गाजले.

पण मुशीतले पोलाद आपल्या दख्खनला त्याच्या कितीतरी शतके आधीपासून माहीत होते. दक्षिण भारतातल्या भट्ट्यांतून निघालेल्या पोलादाच्या गोळ्या अरबस्तान, इराण आणि शामपर्यंत जात. हिंदी पोलादाच्या तलवारीला अरबीत "मुहन्नद" म्हणत, म्हणजे हिंदचे, हिंदी घडणीचे. आज आपण मुलांचे नाव मुहन्नद ठेवतो ते याच शब्दावरून.

या पोलादाला इंग्रज "वूट्झ" म्हणू लागले. १७९४ च्या सुमारास मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट हे शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारे कारागीर त्या पोलादाच्या प्रेमात पडले. पुढे विजेच्या शोधांसाठी प्रसिद्ध झालेला मायकेल फॅरडे हा तरुण शास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला. हिंदी पोलादाचे मर्म शोधता शोधता दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम असे धातू मिसळून पाहिले आणि १८२० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. फॅरडे यांनी अशा पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. त्यानंतर शेफील्डच्या अनेक वस्तऱ्यांवर "सिल्वर स्टील" असा शिक्का दिसू लागला. तो पाहून आत चांदी आहे असे समजू नये, बहुतेकांसाठी ते नुसते मिरवण्याचे नाव होते. पण त्या नावामागे मुंबईहून गेलेल्या पोलादाच्या तुकड्यांची गोष्ट आहे, एवढे खरे.

वस्तरा किती जुना हे ढोबळमानाने सांगता येते. जुनी पाती पाचरीसारखी, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरती असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोट खोल कोरलेली पाती रूढ झाली. मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतील तर काळ १८३७ ते १९०१ मधला असण्याचा संभव जास्त. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव असणे सक्तीचे केले. त्यामुळे नुसते गावाचे नाव असलेला आणि "इंग्लंड" हा शब्द नसलेला वस्तरा बहुधा त्याआधीचा असतो. आमचा असा होता.

आधी हात, मग गंज

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी. पहिली, धारेवर चिकटपट्टी लावावी. गंजलेला वस्तरा बोथट दिसतो, पण बोट कापायला तेवढी धार पुरते. दुसरी, तो कोणी आणि कधी वापरला हे आपल्याला माहीत नसते. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरू शकतो. म्हणून पाते आधी साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासून धुवावे, लगेच कोरडे करावे आणि सर्जिकल स्पिरिटने पुसावे. गंज निघाल्यावर पुन्हा एकदा हेच करावे, कारण गंजाखाली दडलेली घाण आधी निघत नाही. ब्लीचिंगचे पाणी वापरू नये, त्याने पोलादाला खड्डे पडतात. मूठ उकळत्या पाण्यात घालू नये, शिंग वाकडे होते.

तिसरी गोष्ट धनुर्वाताची. धनुर्वात गंजामुळे होत नाही, माती-धुळीतल्या जंतूंमुळे होतो. पण बाजारातली जुनी वस्तू धुळीतूनच येते. जखम झालीच तर ती धुऊन डॉक्टरांना दाखवावी आणि इंजेक्शन कधी घेतले होते ते सांगावे.

गंज काढताना

पाते शिलाई मशीनच्या तेलाने भिजवून रात्रभर ठेवावे. सकाळी जुन्या सुती कापडाने पुसले की निम्मा लाल गंज कापडावर येतो. हे दोन-तीनदा करावे. ज्या कामाला तेल पुरते तिथे कागद लावू नये.

उरलेल्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर घ्यावा : ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा. पाते सपाट लाकडी ठोकळ्यावर आडवे ठेवावे. कागद तेलात भिजवून बुचाच्या तुकड्यावर गुंडाळावा आणि पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने न्यावा. धारेकडून उलटा आणला तर कागद फाटतो आणि बोट कापते. आम्ही ६०० नंबरने सुरुवात केली आणि फार थोडा वेळ तो वापरला. असर ते मगरिब, अशा चार संध्याकाळी या कामाला लागल्या.

पाठीच्या सपाट पट्टीला कागद अजिबात लावू नये. दगडावर पाठ टेकल्यामुळेच धारेचा कोन आपोआप ठरतो. वस्तऱ्यात तो सुमारे १६-१७ अंशांचा असतो. पाठ घासून पातळ झाली की कोन बिघडतो आणि ही चूक दुरुस्त करता येत नाही. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तीही सोडून द्यावी, सोन्याचा तो थर कागदाच्या एका हाताने जातो.

लिंबू आणि व्हिनेगर गंज खातात हे खरे, पण त्यासोबत चांगले पोलादही खातात आणि पाते राखाडी पडते. रात्रभर भिजवून ठेवणे तर नकोच.

सगळ्यात मोठा धोका चाकाचा. ग्राइंडरवर किंवा सायकलचे चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे वस्तरा देऊ नये. तो आपल्या कामात वाकबगार असतो, पण हे काम वेगळे आहे. वस्तऱ्याचे पोलाद तापवून, एकदम गार करून कडक केलेले असते आणि नंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात त्याच्या वर तापते. धारेवर निळा रंग दिसला म्हणजे उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली आणि कडकपणा गेला. मग तो वस्तरा धार धरत नाही. हाताने घासताना पाते फारसे तापत नाही, म्हणून हात सुरक्षित.

चौथ्या संध्याकाळी पाते स्वच्छ झाले होते. पोटावर आठ-दहा काळे ठिपके राहिले. ते काढायचे तर ठिपक्याभोवतालचे सगळे चांगले पोलाद त्या खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावे लागते आणि पोट मुळातच पातळ असते. चाचा म्हणाले, "याच्या वयाच्या माणसाच्या तोंडावर सुरकुत्या असतात ना? राहू द्या." ते ठिपके आजही आहेत. त्यांच्यावर तेलाचा हात फिरला की ते वाढत नाहीत.

शिंगाची मूठ ओल्या फडक्याने पुसून वाळवली आणि तिला मिनरल ऑइल लावले. घरातले खोबरेल कालांतराने खवट होते, म्हणून नको. सैल खिळा लोखंडाच्या ठोकळ्यावर ठेवून, लहान हातोडीने दोन्ही बाजूंनी हळूहळू ठोकला. उघडझाप करताना किंचित अडले पाहिजे आणि मिटल्यावर पाते मुठीच्या बरोबर मध्ये बसले पाहिजे. एका बाजूला टेकले तर धार मुठीवरच बोथट होते.

धार

गंज काढणे हे धीराचे काम आहे, धार लावणे हे हाताचे. स्वयंपाकघरातला दगड इथे चालत नाही. १००० नंबरच्या सपाट दगडावर दोन्ही बाजू मिळवायच्या, मग ३००० ते ५०००, मग ८००० आणि जमले तर १२०००. वस्तरा पालथा ठेवावा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या असाव्यात. धार पुढे ठेवून, दगडाचा पापुद्रा काढत असल्यासारखा तो सरकवावा. टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटवावा, धारेवरून कधीच नाही. जोर बोटांचा नको, वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरे.

चाचांनी त्यांच्या धोकटीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. पण वस्तरा त्यांनी स्वतः धरला नाही. त्यांचा हात आता थरथरतो. दगड आमच्याकडे सरकवून ते डोळे मिटून बसले आणि कानाने काम सांगू लागले. "पाठ उचलली. टेकवा." "आता बरोबर." आवाज सलग, मऊ आला की दोन्ही कडा टेकल्या आहेत. खरखर आली की एक उचलली गेली आहे. चाळीस वर्षांचे शिक्षण त्या कानांत होते. त्यांच्या मुलाच्या दुकानात दगडही नाही आणि पट्टाही नाही, कारण त्याला ते लागतच नाहीत.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी : पाठ पुढे, धार मागे. आधी कापडी बाजूवर वीस हात, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. पट्टा ताणलेला असावा, झोळ पडला की धार गोल होते. हातावरचा केस न ओढता कापला गेला म्हणजे काम झाले.

वापरावा कुठे, आणि कुठे नाही

सलूनमधून हा वस्तरा गेला आणि त्याच्या जागी अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा आला, याचे अनेकांना वाईट वाटते. आम्हाला वाटत नाही. एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या कातडीत गेला की कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतात. दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड हीच रीत बरोबर आहे. चाचांनी स्वतःच दुकानात ती सुरू केली होती. "वस्तरा कितीही लाडका असला तरी गिऱ्हाइकाच्या जिवाहून नाही," असे ते म्हणतात.

म्हणून जुना, दुरुस्त केलेला वस्तरा एकाच माणसाचा असावा. बाप-लेकांत, भावा-भावांतही तो फिरू नये. दाढी राखणाऱ्याला गालाची आणि मानेची रेघ नीट करायला तो उत्तम. शिकताना आधी गालावर, कातडी ताणून, साधारण ३० अंशांत धरून वापरावा. हनुवटी आणि गळा नंतर. मधुमेह असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

अकीक्याच्या वेळी सातव्या दिवशी बाळाचे जावळ काढतात, तिथे हा वस्तरा मुळीच नको, मग तो आजोबांचा का असेना. बाळाची कातडी नाजूक आणि टाळू भरलेली नसते. हज्जामाला घरी बोलावले तर ब्लेड आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगावे. यात त्याचा अपमान नाही, चांगला हज्जाम स्वतःच दाखवतो. हज-उमराहला जाणाऱ्यांनीही हलक करवताना हेच पाहावे. रस्त्यात बसलेल्या कोणाकडूनही डोके करून घेऊ नये.

पावसाळा आणि पेटी

मुंबई-कोकणची हवा खारी आणि दमट. चार आठवड्यांत काढलेला गंज चार दिवसांत परत येऊ शकतो. वापर झाला की पाते धुवावे, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे, कापडावर दोन-चार हात फिरवावे आणि तासभर उघडे ठेवावे, म्हणजे मुठीतला ओलावा निघून जातो. मग तेलाचा अगदी पातळ हात. न्हाणीघरात ठेवू नये. चामड्याच्या म्यानातही फार दिवस ठेवू नये, चामडे ओल धरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि डबा मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलुपाच्या कपाटात ठेवावा.

पुष्कळ घरांत अजूनही एखाद्या पेटीच्या तळाशी आजोबांचा वस्तरा कापडात गुंडाळलेला असतो. तो सापडला तर लगेच कागद घेऊन घासायला बसू नका. तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उजेडात धार पाहा. जवळपास जुन्या पठडीतले कोणी हज्जाम असतील तर त्यांना तो दाखवा आणि त्यांच्यासमोर बसून दगड शिकून घ्या. वस्तरे बाजारात अजून काही वर्षे मिळत राहतील. तो दगडाचा आवाज ओळखणारे कान मात्र थोडेच उरले आहेत.